चौकाभोवतीची लाकडी सराई

इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा एडवर्ड 1327 साली बर्कली किल्ल्यात मेला. बहुतेकांच्या मते मारला गेला. त्याला ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठात पुरलं आणि जिवंतपणी नकोसा झालेल्या राजाच्या कबरीला यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांच्या मुक्कामासाठी मठाने 1450च्या सुमारास नॉर्थगेट रस्त्यावर ‘न्यू इन’ ही सराई उभारली. काम पाहिलं जॉन ट्वायनिंग या मठवासी साधूने.

रस्त्यावरून बोळासारख्या वाटेने आत शिरलं की चौक लागतो. चारी बाजूंनी इमारत, वर लाकडी सज्जा आणि त्यात उघडणारी खोल्यांची दारं. इथे सज्जा शोभेचा नव्हे, तोच जाण्यायेण्याचा रस्ता. त्यामुळे एकाच्या खोलीतून दुसऱ्याला जावं लागत नाही. अशा चौकांत पुढे नाटकंही रंगली, यात नवल नाही. प्रेक्षकांची सोय आयतीच होती.

खरी करामत सांगाड्यात आहे. त्या काळचे इंग्लिश सुतार ओकचं लाकूड ओलं असतानाच घडवत, कारण सुकलेला ओक हत्याराला दाद देत नाही. अख्खी चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवायची, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सगळं सुटं करून जागेवर उभं करायचं. लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवून आरपार लाकडी मेख मारायची. मात्र कुसवातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित कुसवाच्या मुळाकडे पाडत, म्हणजे मेख ठोकताना कुसू ओढला जाऊन सांधा आवळला जाई. लाकूड पुढे सुके, पिळे, वाकडं होई. सांधा मात्र सहसा सुटत नसे. जुन्या इंग्लिश घरांच्या तिरक्या भिंतींकडे पाहून घाबरायचं कारण नाही. चौकटीतली भिंत तर निव्वळ भरणा: काटक्यांची वीण आणि वर माती, पेंढा, शेणाचा लेप. कोकणातल्या कुडाच्या घरात वाढलेल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

अशीच सज्ज्यांची सराई लंडनमध्येही आहे, सदर्कची ‘जॉर्ज इन’, 1676च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. रेल्वे आली, घोडागाड्या बंद पडल्या आणि 1889 साली रेल्वे कंपनीनेच तिचा बराचसा भाग पाडला. आता सज्ज्यांची एकच बाजू उरली आहे. तीही 1937पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे असल्यामुळे. अशी सराई चारी बाजूंनी पाहायची असेल, तर ग्लॉस्टरलाच जावं.