शेताची वाट अडली, तर कोणता दरवाजा ठोठवायचा?



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं आपण म्हणतो. पण ऊस तुटायला आला, ट्रॉली बांधाशी उभी राहिली आणि पुढच्या बांधकऱ्यानं वाटेत काटे टाकले, तर घरी बसून कसं भागेल? सुप्याच्या जिरायत पट्ट्यात पूर्वी बैलगाडीपुरती वाट पुरायची. जनाई-शिरसाई योजनेचं पाणी जिथं आलं, तिथं पीक बदललं, ट्रॅक्टर आला आणि वाटेची भांडणंही आली. इंदापुराकडेही तीच गत.

अशा वेळी पुष्कळजण घाईनं कोणताही अर्ज लिहून देतात. अर्ज चुकला की तो फेटाळला जातो आणि मुदतही निघून जाते. म्हणून आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : वाट आधीपासून होती, की नव्यानं हवी आहे?

१. वहिवाटीची वाट अडवली असेल तर

तुम्ही त्या वाटेनं जात-येत होता आणि कुणी नांगरून, चर खणून किंवा कुंपण घालून ती बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करावा. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. 'गावात बसून मिटवू' म्हणत एक सुगी गेली, की हा दरवाजा बंद होतो. मिटवायचं जरूर बघा, पण तारखेवर नजर ठेवून.

दाव्यात दोन्ही बाजूंची नावं-पत्ते, जमिनीचे गट नंबर, अडथळा कसला आहे आणि तो कोणत्या तारखेला झाला, हे स्पष्ट लिहा. साक्षीदारांची व कागदांची यादी जोडा. तहसीलदार समोरच्याला नोटीस काढतात, दोघांचं ऐकतात, जागा पाहतात आणि हक्क पटला तर अडथळा करू नये असा मनाई हुकूम देतात. या निकालावर अपील नाही. वरिष्ठांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो.

२. वाटच नसेल, नवी हवी असेल तर

वाटण्या झाल्या, मधला तुकडा विकला गेला आणि तुमच्या रानाला वाटच उरली नाही. इथं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ उपयोगी पडतं. अर्ज तहसीलदारांकडेच, पण हे काम निराळं. इथं वाट मिळते ती बांधावरून. कुणाच्या शेताच्या मधोमध नाही. तुमची गरज खरी आहे का, दुसरी वाट आहे का, पूर्वीचे मालक कुठून जात होते आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान कुठून होईल, हे पाहिलं जातं. नुसतं 'ही वाट जवळची' म्हणून भागत नाही.

ज्यांच्या बांधावरून वाट जाणार, त्या सगळ्यांना सामनेवाले करा. एक नाव राहिलं तरी काम अडतं. निकाल पटला नाही, तर ६० दिवसांत प्रांतांकडे अपील किंवा एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. दिवाणी दावा केला की मग अपील चालत नाही, म्हणून विचार करून एकच वाट धरा.

३. दिवाणी कोर्ट केव्हा?

मालकीचाच वाद असेल, नुकसानभरपाई हवी असेल, किंवा शेजाऱ्याच्या रानातून वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, अखंड वापरलेल्या वाटेचा कायमचा हक्क शाबीत करायचा असेल, तर दिवाणी कोर्टात जावं लागतं. तिथं वेळ आणि खर्च दोन्ही जास्त. वकिलाचा सल्ला आधी घ्या.

कागद कोणते?

आपला व शेजारच्या गटांचा चालू सातबारा, गट नकाशा, मागितलेली वाट दाखवणारा हातकच्चा नकाशा, आणि मोजणी झाली असल्यास तिची प्रत. गावनकाशा जरूर पाहा. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. नकाशात वाट निघाली, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतरस्त्यांबाबत निर्णय काढला. शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, असं त्यात आहे. तेव्हा हुकूम हातात पडला की तलाठ्याकडे नोंदीचा पाठपुरावा करा. आज शेजारी भला आहे, उद्या रान दुसऱ्यानं घेतलं तर कागदच बोलेल.

एवढं मात्र करू नका

रागाच्या भरात रात्री यंत्र आणून बांध फोडू नका. तक्रारदार असलेला माणूस त्यानं आरोपी होतो. नुसत्या पोलीस तक्रारीनंही वाटेचा हक्क ठरत नाही.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या बांधावरून कुणी वाट मागायला आलं, तर आपलीही ट्रॉली कुणाच्या तरी बांधावरूनच जाते, हे आठवा. समजुतीनं ठरलं तर उत्तमच. मात्र ते तोंडी न ठेवता तहसीलदारांपुढं लिहून घ्या आणि त्याची नोंद करून घ्या.