क्षारपड जमीन आणि रसायनसूत्रातील ‘दोन’

आमचा विषय इतिहास. तरीही काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांची जागा रिकामी राहिली आणि नववीचे रसायनशास्त्र काही महिने आमच्याकडे आले. संयुजांचा तिरकस गुणाकार मुलांना तोंडपाठ होता. परंतु सोडिअम सल्फेटच्या सूत्रात सोडिअमच्या पायाशी दोनाचा आकडा का, असे विचारताच वर्ग गप्प झाला. “पुस्तकात तसंच आहे, सर,” एवढेच उत्तर आले. खरे सांगायचे तर आमच्याकडेही त्याहून बरे उत्तर नव्हते. ते पुढे नीरा डाव्या कालव्याच्या काठी सापडले. बारामती-इंदापूरच्या अनेक पालकांच्या रानाशी त्याचा संबंध असल्यामुळे ते येथे मांडत आहोत. चिन्हे मात्र उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

प्रथम मूळ गोष्ट. सोडिअमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी असते; क्लोरीनच्या अणूत २, ८, ७. बाहेरच्या कक्षेत आठ असणे हे दोघांनाही स्थैर्याचे. सोडिअम आपला एक इलेक्ट्रॉन देतो व धन आयन होतो, क्लोरीन तो घेतो व ऋण आयन होतो. विरुद्ध भारांच्या ओढीने दोघे बांधले जातात, हाच आयनिक बंध. मिठाच्या खड्यात एक सोडिअम व एक क्लोरीन अशी सुटी जोडी नसते. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे सहा आयन असतात. ‘एनएसीएल’ हे सूत्र केवळ प्रमाण सांगते, एकास एक.

सल्फेट मूलकावर दोन ऋण भार असतात. सोडिअमकडे द्यायला एकच. म्हणून दोन सोडिअम लागतात व सूत्र होते ‘एनए२एसओ४’. कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे त्याचा एकच आयन पुरतो : ‘सीएएसओ४’. भारांची बेरीज शून्य आली पाहिजे, एवढाच नियम. तिरकस गुणाकार ही त्या बेरजेची पळवाट आहे; बेरीज कळल्यावर ती वापरावी, आधी नव्हे. (सोडिअमचे चिन्ह ‘एनए’ का, हेही मुले विचारतात. ते ‘नॅट्रिअम’ या लॅटिन नावावरून आले.)

आता रानाकडे वळू. १८७६च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा कालव्याचे खोदकाम सुरू झाले व १८८५च्या सुमारास पाणी वाहू लागले. कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. परंतु काळ्या, चिकण व निचरा नसलेल्या जमिनीत पाणी मुरत राहिले, भूजल वर आले, आणि उन्हाने पाणी उडून गेल्यावर त्यातील क्षार माथ्यावर उरले. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील खारजमिनींवरील पुस्तिका मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केली. म्हणजे कालवा येऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच ही तक्रार शास्त्रीय चौकशीचा विषय झाली होती. आज बारामतीजवळ माळेगाव येथे अजैविक ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती २००९ची. एका प्रश्नाला शंभर वर्षे पुरून उरलेली पाहिली की इतिहासाच्या शिक्षकालाही रसायनशास्त्राची गरज पटते.

क्षारपड जमिनीत नुसते विरघळणारे क्षार असतील, तर गोड्या पाण्याने ते धुऊन खाली जातात. मात्र पाण्याला बाहेर जायला वाट हवी. चोपण जमिनीचे दुखणे अधिक खोल. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो व त्यांना सोडिअम चिकटून बसतो. एकाच भाराचा सोडिअम कणांना एकत्र बांधू शकत नाही. कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि वाळल्यावर माती दगडासारखी होते. अशा रानात जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, सोबत पाण्याचे दोन रेणू. एक कॅल्शिअम मातीवरील दोन सोडिअमना हटवून त्यांची जागा घेतो, आणि सुटलेले दोन सोडिअम सल्फेटबरोबर ‘एनए२एसओ४’ होऊन पाण्यात विरघळतात. तोच हा दोन. वजनात मांडले तर १७२ किलो शुद्ध जिप्सम ४६ किलो सोडिअम हटवते. सूत्रातला दोन विसरून एकास एक धरले, तर जिप्समचा खर्च दुप्पट निघेल. परीक्षेत या चुकीचा एक गुण जातो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर इंदापूरकडच्या एका विद्यार्थ्याने घरच्या रानातली माती पिशवीत भरून आणली. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दोन बाटल्यांत घेतले, दोन्हींत ती माती ढवळली आणि एकीत चिमूटभर जिप्सम टाकले. सकाळी जिप्समच्या बाटलीत गाळ तळाशी बसून पाणी निवळले होते; दुसरी गढूळच होती. चार दिवसांनीही ती गढूळ होती.

“सर, एकराला किती पोती लागतील?” त्याने विचारले. ते माती परीक्षणाशिवाय सांगता येत नाही. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. शिवाय सुटलेला सोडिअम रानाबाहेर जायला निचऱ्याचा चर आधी हवा. तो नसेल तर पोती वाया. त्याच्या रानाचा उतार ओढ्याकडे होता, परंतु मध्ये शेजाऱ्याचे रान लागत होते. पुढच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर शेजाऱ्याकडे गेला, तेव्हा त्या दोन बाटल्या त्याने आमच्याकडून मागून नेल्या.