नव्वद वर्षे अडगळीत पडलेला ऑर्गन

आपल्या पेटीत पितळेची रीड थरथरते. चर्चच्या पाइप ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक नळ्यांना रीड नसतेच. फटीतून निघालेली हवा नळीच्या तोंडाच्या धारेवर आपटते आणि आतला हवेचा स्तंभ घुमू लागतो. बासरीच ती! सूर ठरतो मुख्यतः लांबीवर: आठ फुटी उघडी नळी सेकंदाला सुमारे ६५ कंपने देते.

मग नळ्या न वाकवता नेल्या की झालं? तसं नाही. आवाजाचा पोत ठरतो त्या तोंडाच्या उंचीवर आणि फटीच्या रुंदीवर, आणि कारागीर ती घडवतो कानाने, त्या वास्तूत ऐकत ऐकत. तंबोऱ्याची जवारी लावण्यासारखंच. पण जवारीचा दोरा मागे सरकवता येतो, कापलेला धातू परत येत नाही. ऑर्गन नव्या जागेला जुळवून घेण्याच्या नादात मूळ आवाज कायमचा जाऊ शकतो.

नॉर्थ कॅरोलिनातल्या सेलममध्ये डेव्हिड टॅननबर्ग यांनी १८०० साली मोरेव्हियन चर्चसाठी बांधलेला ऑर्गन १९१० मध्ये सुटा करून ठेवला गेला. जवळपास नव्वद वर्षे! माझ्या मते ही उपेक्षाच त्याच्या पथ्यावर पडली. विसाव्या शतकाच्या आवडीप्रमाणे त्याच्या नळ्या कापायला कुणी गेलं नाही. टेलर अँड बूडी यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. २००४ पासून तो चर्चमध्ये नव्हे, तर ओल्ड सेलमच्या व्हिजिटर सेंटरमधल्या सभागृहात वाजतो.

जागा कुठलीही असो, तापमान पिच्छा सोडत नाही. हवा १० अंश सेल्सिअसने तापली की बिनरीडच्या नळ्यांचा सूर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास चढतो. म्हणून ऑर्गन सुरात लावण्याआधी सभागृह कार्यक्रमाच्या वेळच्या तापमानावर आणून ठेवतात.