अँबॅसिडरचं दुसरं इंजिन

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. एप्रिलची सकाळ. साडेदहालाच गॅरेजचा पत्रा तापलाय. शेजारी वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या उडतायत. पलीकडे कॉम्प्रेसर धडधडतोय. हवेत जळक्या तेलाचा वास भरलाय.

मधोमध १९७२ची मार्क टू अँबॅसिडर उभी आहे. बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय. रेडिएटर बाहेर. इंजिनाच्या जागी नुसती काळी पोकळी. एक पोरगा आत वाकून, डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं चाळीस-पन्नास वर्षांचं वंगण खरवडतोय.

जुनं इंजिन बाजूला टायरवर ठेवलंय. १४८९ सीसी, ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. शेजारी लाकडी ठोकळ्यांवर त्याचा वारसदार आहे : इसुझुचं १८१७ सीसी इंजिन, मागे पाच गिअरचा बॉक्स. मी वाकून दोन्ही बघतो. जुन्याच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, नव्याचा ८४. पिस्टनचा पल्ला मात्र जुन्याचा लांब, जवळपास ८९. नव्याचा ८२. जुनं सावकाश ओढणारं, नवं झटकन फिरणारं.

हे इंजिन या गाडीला परकं नाही. १९९०च्या दशकात हिंदुस्तान मोटर्सनं स्वतःच ते अँबॅसिडरमध्ये बसवलं. कॉन्टेसातही तेच होतं. म्हणून गॅरेजच्या मेस्त्रींनी नंतरच्या मॉडेलचे माउंटिंग ब्रॅकेट मिळवून ठेवलेत. तरीही ते टेप घेऊन खाली झोपतात. संप आणि क्रॉस मेंबरमध्ये किती जागा राहील? पंखा रेडिएटरला लागेल का? खडूनं फरशीवर आकडे पडत जातात.

मग क्लच. प्लेट मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. मेस्त्री अशाच दुसऱ्या बॉक्सचा कापून ठेवलेला शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणतात आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत जातात. घाई नाही.

बारा वाजता चेन ब्लॉकची साखळी खडखडते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर जातात, शेपूट खाली, तोंड वर. सगळे कडेला सरकतात. लोंबत्या इंजिनाखाली कुणी थांबायचं नाही, हा इथला कायदा.

"हळू सोड रं. अजून. अजून थोडं."

"टेकलं बघा मेस्त्री."

"टेकलं न्हाई. सुतभर डावीकडं घे."

पहारीनं सुतभर सरकवायला वीस मिनिटं जातात. घामानं हात निसटतात. पुसायचे, पुन्हा धरायचे. शेवटी माउंटिंगचा पहिला बोल्ट हातानं फिरतो. आता कुठं चहा सांगितला जातो.

दुपारी प्रॉपेलर शाफ्ट खांद्यावर घेऊन आम्ही लेथच्या दुकानात जातो. नव्या बॉक्सची लांबी वेगळी, म्हणून शाफ्ट कापावा लागणार. दारात रांग आहे. उसाचा हंगाम संपलाय, ट्रॅक्टरचे पार्ट दुरुस्तीला आलेत. सिमेंटच्या कट्ट्यावर बसायला जागा नाही. पंखा गरम वाराच फेकतोय. तासाभरानं नंबर लागतो. नळी कापली जाते, जोडली जाते, लेथवर फिरते. डायल गेजचा काटा थरथरतो. कारागीर हातोडीचा हलका ठोका देतो आणि पुन्हा बघतो. शाफ्ट वाकडा राहिला तर वेगात सगळी गाडी हादरते.

परतल्यावर गाडीच्या जमिनीचा पत्रा कापायचं काम. जुना गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, नवा जमिनीतून वर येणार. म्हणजे पुढचं सलग बाकही जाणार. गाडीचे मालक, वयस्कर गृहस्थ, कटर चालू होताच बाहेर जाऊन उभे राहतात. याच बाकावर तिघं बसून घरातली वरात निघाली होती, असं ते मला सांगतात.

मेस्त्री त्यांना आणखी एक गोष्ट बजावतात. "काका, ताकद वाढली. आता पुढचे ब्रेक बदला. आधी थांबायचं बघा, मग पळायचं."

संध्याकाळी बॅटरी जोडतात. दोनदा नुसता स्टार्टर फिरतो. तिसऱ्यांदा इंजिन धरतं. ऑइलच्या दाबाकडे सगळ्यांची नजर. काटा वर येतो. गळती कुठंच नाही. मालकांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैलावतो.

नव्या इंजिनाच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली जाते. ही छाप आरटीओसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार असा बदल नोंदवावाच लागतो. आणि २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी, तर ती मूळ रूपातच असावी लागते. इंजिन बदललं की तो हक्क जातो. रोज चालवायची असेल तर हा बदल गाडीला नवं आयुष्य देतो, हे मी इथं डोळ्यांनी पाहतोय. पण निर्णय पाना हातात घेण्याआधी करा. आणि काहीही ठरलं तरी जुनं इंजिन भंगारात देऊ नका, तेल घालून, झाकून ठेवा.