पोटदुखी स्वादुपिंडाची, झळ रक्तपेशींना

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी असह्य कळ उठते, ती पाठीपर्यंत जाते आणि उलट्या थांबत नाहीत. अशा वेळी ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून एखादी गोळी घेऊन रात्र काढली जाते. दुखणे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे असेल, तर हा विलंब जिवावर बेतू शकतो. परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावातून अतिदक्षता विभाग गाठण्यातही वेळ जातो. त्यामुळे तेथे हे दुखणे वेळीच ओळखणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

जठरामागील स्वादुपिंड पचनासाठी विकरे तयार करते. एरवी ती लहान आतड्यात गेल्यावरच कार्यरत होतात. पित्ताशयातील खडे किंवा अतिमद्यपान यामुळे ती ग्रंथीतच जागृत झाली, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते.

आजार गंभीर झाल्यास त्याची झळ तांबड्या रक्तपेशींना बसते. ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून जाते, ती लवचिक आवरणाच्या बळावर. गंभीर दाहात रक्तात वाढणारे फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर फॉस्फोलिपिड या स्निग्ध घटकाचे विघटन करते. त्यातून तयार होणारे लायसोलेसिथिन आवरणात शिरले, की चकतीसारखी पेशी काटेरी होऊ लागते. ताठर पेशींमुळे सूक्ष्म रक्तप्रवाह मंदावतो. मुळात सुजलेल्या स्वादुपिंडाला प्राणवायू आणखी कमी पडतो. रक्तवाहिन्यांतून पाझरणारा द्रव आणि घट्ट होणारे रक्त यांची त्यात भर पडून मूत्रपिंडे व फुप्फुसेही संकटात येऊ शकतात. अवयव ४८ तासांहून अधिक काळ निकामी राहिल्यास आजार ‘गंभीर’ मानला जातो.

निदानासाठी मात्र पेशींचे आवरण तपासावे लागत नाही. विशिष्ट पोटदुखी आणि रक्तातील लायपेज किंवा अमायलेज कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून अधिक, एवढे सहसा पुरेसे असते. उपचारात शिरेतून द्रव, वेदनाशमन व गरजेनुसार प्राणवायू देतात. द्रवाचे प्रमाणही मोजकेच हवे. भारतासह चार देशांतील २४९ रुग्णांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरमसाट द्रव दिलेल्या २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात द्रव साचला. बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६.३ टक्के होते.

पाठीपर्यंत जाणारी, उलट्यांसह टिकून राहणारी पोटदुखी घरगुती उपायांवर सोपवू नये. रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे, हाच शहाणपणा होय.