धमनीच्या भिंतीचा एमआरआय

कवटीच्या आतल्या धमन्यांच्या भिंतीत चरबीचा थर, म्हणजेच प्लाक साचणे हे आशियाई लोकांमधील पक्षाघाताचे एक प्रमुख कारण आहे. हा रोग भिंतीचा असला, तरी त्याचे निदान दीर्घकाळ भिंत न पाहताच होत आले. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली. ती असो वा आजची सीटी अँजिओग्राफी, दोन्हींत दिसते ती रक्त वाहण्याची पोकळी.

पोकळीवरून मात्र फसगत होऊ शकते. प्लाक साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूने फुगते आणि पोकळी जवळपास पूर्वीइतकीच राहते. सेमूर ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांत हे दाखवून दिले. मेंदूतही तसेच घडते. अशी धमनी अँजिओग्राफीत निरोगी भासते.

ही उणीव उच्च-विभेदन एमआरआय भरून काढतो. मेंदूतील मिडल सेरेब्रल धमनीचा व्यास जेमतेम ३ मिलिमीटर असतो आणि तिची भिंत त्याहून कितीतरी पातळ. त्यामुळे ३ टेस्ला किंवा त्याहून शक्तिशाली चुंबक लागतो आणि सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा तपशील टिपला जातो. वाहत्या रक्ताचा आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचा संकेत दाबून दोन्ही काळे केले जातात. त्या काळ्या पार्श्वभूमीवर भिंत उठून दिसते. त्यानंतर गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देऊन पुन्हा प्रतिमा घेतात.

भिंतीच्या जाडीची ठेवण रोगाची ओळख पटवते. प्लाक बहुधा एकाच बाजूला साचतो. धमनीदाहात भिंत सगळीकडून सारखी जाड होते आणि औषधानंतर उजळते. धमनी केवळ तात्पुरती आकसली असेल, तर ती फारशी उजळत नाही. भिंत फाटून तिच्यात रक्त शिरले असेल, तर तेही दिसते. प्लाक औषधानंतर ठळक उजळला किंवा त्याच्या आत रक्तस्राव आढळला, तर तो अस्थिर असण्याची शक्यता वाढते. प्लाक नेमका कोणत्या बाजूला आहे, हेही महत्त्वाचे असते. मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक फांद्यांच्या तोंडाशी तो असेल, तर मुख्य धमनी मोकळी असूनही पक्षाघात होऊ शकतो.

उपचार या फरकांवर ठरतात. प्लाकसाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि स्टॅटिन, तर धमनीदाहासाठी स्टिरॉइड दिले जाते. स्टेंट हा सरसकट उपाय नाही. अमेरिकेतील ‘सॅमप्रिस’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंट बसवलेल्या गटात १४.७ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ५.८ टक्के होते.

तंत्राला मर्यादाही आहेत. तपासणीला वेळ लागतो, रुग्ण हलला की प्रतिमा बिघडते आणि संथ वाहणारे रक्त कधी जाड भिंतीसारखे दिसते. शिवाय ही तपासणी तातडीच्या वेळेची नव्हे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर आधी सीटी स्कॅन हवा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.