कडा कोरडा, वाट बर्फाची: जूनमध्ये गिर्यारोहक सोप्या जागीच का घसरतात?

जून महिना. कॅलिफोर्नियात उन्हाळा सुरू झालाय. दरीतल्या गावात लोक टी-शर्टवर फिरतायत. सोशल मीडियावर कुणीतरी माउंट व्हिटनीच्या कड्यावरचा फोटो टाकलाय. निळं आकाश, लख्ख ऊन आणि कोरडा ठणठणीत ग्रॅनाइट. खाली कॅप्शन, 'रूट एकदम ड्राय!'

हा फोटो खरा असतो. तरीही तो बघून जो गिर्यारोहक बर्फाचं सामान घरी ठेवून निघतो, तो अडचणीत येऊ शकतो. कारण फोटो कड्याचा असतो. कड्यापर्यंत जाणारी आणि कड्यावरून परत आणणारी वाट त्यात दिसत नाही.

व्हिटनीवर नेमकं काय होतं?

माउंट व्हिटनीची उंची ४,४२१ मीटर. अलास्का सोडला तर अमेरिकेतलं हे सगळ्यात उंच शिखर. ते सिएरा नेवाडा पर्वतरांगेत आहे, आणि या स्पॅनिश नावाचा अर्थच 'बर्फाच्छादित पर्वतरांग' असा होतो.

शिखराच्या पूर्वेला उभा कडा आहे. १९३१ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट अंडरहिल, नॉर्मन क्लाइड, ज्यूल्स आयकोर्न आणि ग्लेन डॉसन या चौघांनी तो पहिल्यांदा सर केला. आजच्या हिशेबाने ही चढाई फार अवघड मानली जात नाही. त्यामुळे इथे गर्दी असते.

पण कड्याला हात लावण्याआधी बरंच चालावं लागतं. गाडीरस्ता सुमारे २,५५० मीटरवर संपतो. तिथून ओढ्याच्या काठाने, दगडधोंड्यांतून सुमारे ३,८५० मीटरवरच्या आइसबर्ग लेकपर्यंत जायचं. खरी प्रस्तरचढाई त्यानंतर सुरू होते.

उतरायची वाट वेगळी. शिखराच्या उत्तर बाजूने खिंडीत उतरायचं आणि तिथून 'माउंटेनिअर्स रूट' नावाच्या घळीतून पुन्हा तलावाकडे यायचं. पूर्वेच्या कड्यावर सकाळपासून ऊन पडतं, म्हणून तो लवकर कोरडा होतो. उत्तरेच्या उतारावर सावली असते, म्हणून तिथला बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतो.

थोडक्यात, दोर लावून चढायची जागा कोरडी आणि 'आता काय, नुसतं उतरायचंय' म्हणत चालायची जागा बर्फाची.

उन्हाळा आला, मग बर्फ जात का नाही?

बर्फ वितळवायला प्रचंड उष्णता लागते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापवता येतं. त्यात ताजा पांढरा बर्फ अंगावर पडलेला ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. धूळ बसून तो मळकट झाला की वितळण्याचा वेग वाढतो.

सिएरातला बर्फाचा साठा साधारण १ एप्रिलच्या सुमारास सगळ्यात जास्त असतो. पुढे तो कधी संपणार, हे त्या वर्षीच्या हिमवृष्टीवर ठरतं. २०२३ चंच बघा. एप्रिलच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातला साठा सरासरीच्या २३७ टक्के होता. योसेमिटीतून जाणारा टायोगा रस्ता त्या वर्षी थेट २२ जुलैला उघडला. म्हणूनच 'गेल्या वर्षी याच तारखेला वाट मोकळी होती' या माहितीला फारसा अर्थ उरत नाही.

एकच उतार, दिवसात तीन रूपं

या दिवसांतला बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पहाटे तो काचेसारखा टणक असतो. साध्या बुटाची टाच त्यात रुतत नाही. सकाळी ऊन लागलं की वरचा थर मऊ होतो आणि पाय छान बसतो. दुपारनंतर तोच बर्फ भुसभुशीत होऊन माणूस मांडीपर्यंत आत जातो. उभ्या उतारावर ओला बर्फ घसरून खालीही येऊ शकतो.

यात आकाशाचाही वाटा असतो. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो. त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री मात्र तो नीट गोठत नाही आणि सकाळीच ढासळू लागतो.

घसरलं तर काय होतं?

माउंटेनिअर्स रूटच्या घळीचा उतार साधारण ३५ अंशांचा आहे. त्यावरची, शिखराजवळची उत्तर बाजू आणखी उभी आहे. घसरड्या जॅकेट-पँटमध्ये कडक बर्फावर घर्षण फार कमी असतं. ते जवळपास नाहीच असं धरलं, तर ३५ अंशांच्या उतारावर तीन सेकंदांत वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत जातो आणि माणूस २५ मीटर खाली आलेला असतो. उताराच्या तळाशी बहुतेकदा दगड असतात.

आइस अ‍ॅक्स बर्फात रोवून स्वतःला थांबवण्याच्या तंत्राला 'सेल्फ अरेस्ट' म्हणतात. ते पहिल्या एक-दोन सेकंदांतच जमावं लागतं. वेग वाढल्यावर, त्यातही बर्फ टणक असेल तर, त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून मुळात न घसरणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी बुटाला काटेरी क्रॅम्पॉन लागतात. क्रॅम्पॉन घालून बसून घसरत उतरणं मात्र टाळायचं. काटे बर्फात अडकले की घोटा मोडतो.

न दिसणारे खड्डे

उन्हाने तापलेला खडक शेजारचा बर्फ वितळवतो. मग भुईकोट किल्ल्याभोवती खंदक असावा तशी खडक आणि बर्फ यांच्यामध्ये खोल फट तयार होते. तिची कड वरून भक्कम दिसते, पण खाली पोकळ असते. बर्फावरून खडकावर पाय टाकण्याची हीच जागा सगळ्यात फसवी.

ओढ्यांचंही तसंच. वर बर्फाचा पूल आणि खालून वाहतं पाणी. वाहत्या पाण्याचा आवाज आला किंवा बर्फ मध्येच खचलेला दिसला, तर तिथून लांब राहायचं. वितळलेलं पाणी दुपारनंतर वाढतं. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी कमरेपर्यंत येऊ शकतो.

मग लोक सामान नेत का नाहीत?

कारण वजन. दोर, चढाईची साधनं, पाणी आणि खाणं यांनी पिशवी आधीच भरलेली असते. त्यात अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन आणि जाड बूट म्हणजे आणखी दोन-तीन किलो. व्हिटनीवर चढायची आणि उतरायची वाट वेगळी असल्यामुळे हे सामान कड्याखाली ठेवून जाता येत नाही. ते पाठीवर घेऊन अख्खा कडा चढावा लागतो. शेवटच्या थोड्याशा बर्फासाठी एवढं ओझं कशाला, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण माणूस दमलेला असताना, ऊन कलल्यावर समोर येतो तो नेमका हाच बर्फ.

सह्याद्रीतल्यांनी काय लक्षात ठेवावं?

लिंगाणा किंवा कोकणकड्यावर तयार झालेल्या प्रस्तरारोहकाचा हात खडकावर पक्का असतो. बर्फ मात्र सह्याद्रीत नाहीच. त्यामुळे कॅलिफोर्नियात नोकरीला गेलेला असो की मे-जूनमध्ये हिमालयात जाणारा, हे कौशल्य त्याला वेगळं शिकावं लागतं. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट यांच्या बेसिक कोर्समध्ये बर्फावर चालणं आणि सेल्फ अरेस्ट शिकवतात.

निघण्याआधी हे तपासा

• वाटेचा आणि उताराचा कोणता भाग उत्तरेकडे तोंड करून आहे?
• ताज्या उपग्रह छायाचित्रात तिथे पांढरं दिसतंय का? सेंटिनेल-२ ची छायाचित्रं मोफत मिळतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात.
• रात्री तापमान किती असेल? आकाश निरभ्र असेल की ढगाळ?
• 'ड्राय' लिहिणाऱ्याने फोटो कधी काढला आणि तो उतरला कुठून? कमेंटमध्ये सरळ विचारा.
• बर्फाच्या उताराखाली काय आहे? मोकळं मैदान, की दगड आणि कडा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'दगड' असेल आणि सोबत अ‍ॅक्स-क्रॅम्पॉन नसतील, तर बेत पुढे ढकललेला बरा. साधारण वर्षी काही आठवड्यांत तीच वाट मोकळी होते.